हिशामचा राजवाडा

हिशामचा राजवाडा (अरबी उच्चार: कस्र हिशाम) हा वेस्ट बँकमधील जेरिको शहराच्या उत्तरेस सुमारे ३ किमी अंतरावर असलेला, इस्लामी कालखंडाच्या आरंभीच्या काळातील राजवाड्याचा अवशेष-समूह आहे. पुरातत्त्वीय लेखनात हे स्थळ खिरबत अल-मफजर या नावानेही ओळखले जाते. उमय्यद खिलाफतीच्या काळात, इ.स.च्या आठव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे बांधकाम झाले. राजवाडा, मशीद, भव्य सभागृह असलेले स्नानगृह, कारंज्याचे प्रांगण आणि शेतजमीन असा त्याचा विस्तार होता. स्नानगृहाच्या सभागृहातील ८०० चौ. मी.हून अधिक क्षेत्रफळाची फरशी ही प्राचीन जगातून शिल्लक राहिलेल्या सर्वांत मोठ्या सलग कुट्टिमचित्रांपैकी (मोझेक) एक आहे. त्याच स्नानगृहालगतच्या छोट्या दालनातील सिंह, हरणे व वृक्ष यांचे चित्र आरंभीच्या इस्लामी कलेतील सर्वाधिक परिचित कलाकृतींमध्ये गणले जाते.

नाव

‘खिरबत’ या अरबी शब्दाचा अर्थ पडीक वास्तू किंवा अवशेष असा होतो. पॅलेस्टाईनमधील अनेक प्राचीन स्थळांच्या नावांत हा शब्द आढळतो. ‘हिशामचा राजवाडा’ हे नाव मात्र विसाव्या शतकातील उत्खननानंतर रूढ झाले. उत्खननात लेखन असलेल्या एका तुकड्यावर खलीफा हिशाम इब्न अब्द अल-मलिक याचे नाव सापडले. त्यावरून या वास्तूचा संबंध त्याच्याशी जोडला गेला. हे बांधकाम खरोखर हिशामनेच करवून घेतले का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही लोकव्यवहारात व पर्यटनात हेच नाव कायम राहिले आहे.

स्थान आणि पाणीपुरवठा

जेरिको हे जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २५० मीटर खाली वसलेले शहर आहे. येथे पाऊस अत्यल्प पडतो, उन्हाळा अतिशय कडक असतो, पण हिवाळा सौम्य व सुखद असतो. यामुळे डोंगराळ प्रदेशातील राज्यकर्ते व श्रीमंत लोक फार पूर्वीपासून हिवाळ्यात येथे मुक्कामास येत. हास्मोनियन राजे आणि हेरोद राजा यांचे हिवाळी महालही जेरिकोच्याच परिसरात होते. हिशामचा राजवाडा हा या दीर्घ परंपरेतील नंतरचा टप्पा ठरतो.

राजवाडा वादी नुएइमा या ओढ्याच्या उत्तर काठावर आहे. या भागात शेती आणि वस्ती दोन्ही झऱ्यांच्या पाण्यावर अवलंबून असतात. राजवाड्यासाठी ऐन दुयूक व ऐन नुएइमा या झऱ्यांचे पाणी बांधीव पाटाने आणले होते. वाटेतील घळी ओलांडण्यासाठी कमानींचे पूल बांधण्यात आले होते. हे पाणी हौदात साठवून तेथून स्नानगृह, कारंजे आणि शेतीकडे वळवले जाई. सुमारे ६० हेक्टरांच्या या मालमत्तेचा मोठा भाग कुंपणभिंतीने वेढलेली शेतजमीन व बागा यांनी व्यापलेला होता. त्यामुळे हे स्थळ केवळ विलासगृह नव्हते. ओसाड भूमीत पाणी आणून ती लागवडीखाली आणणे हाही त्यामागील हेतू होता, असे अभ्यासक मानतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

उमय्यद घराण्याने इ.स. ६६१ ते ७५० या काळात दमास्कस ही राजधानी ठेवून राज्य केले. त्यांचे साम्राज्य पश्चिमेस स्पेनपासून पूर्वेस सिंधपर्यंत पसरले होते. खलीफा व त्यांच्या कुटुंबीयांनी आजच्या सीरिया, जॉर्डन, लेबनॉन व पॅलेस्टाईन या प्रदेशांत राजधानीपासून दूर अनेक वाडे बांधले. ‘वाळवंटी किल्ले’ या नावाने ते ओळखले जातात. त्यांपैकी अनेक वाडे सुपीक जमिनीत, पाण्याजवळ किंवा व्यापारी मार्गांवर असल्यामुळे हे नाव पूर्णपणे समर्पक मानले जात नाही. जॉर्डनमधील कुसैर अमरा व मशत्ता आणि सीरियातील कस्र अल-हैर अल-गर्बी ही याच परंपरेतील अन्य प्रसिद्ध स्थळे आहेत. या वाड्यांचा उपयोग शिकार, विश्रांती, शेतीची देखरेख आणि स्थानिक टोळीप्रमुखांशी भेटीगाठी अशा विविध कारणांसाठी होत असे.

या प्रदेशात त्यापूर्वी बायझेंटाईन सत्ता होती, तर पूर्वेस इराणमध्ये ससानियन साम्राज्य होते. उमय्यद राज्यकर्त्यांना या दोन्ही संस्कृतींचे कारागीर, तंत्रे व राजेशाही संकेत वारशाने मिळाले. हिशामच्या राजवाड्यातील फरशीची चित्रे रोमन-बायझेंटाईन परंपरेतील आहेत, तर शिल्पांतील पोशाख व अलंकरणात इराणी वळण स्पष्ट दिसते. नव्या सत्तेची स्वतःची दृश्यभाषा कशी घडत गेली, हे समजून घेण्यासाठी या स्थळाचा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो.

बांधकाम कोणी केले?

खलीफा हिशामने इ.स. ७२४ ते ७४३ या काळात राज्य केले. त्याच्या नावाचा पुरावा सापडल्याने आरंभी हे बांधकाम त्याच्याच आज्ञेवरून झाले असे मानले गेले. अरबी इतिहासग्रंथांत हिशामचे वर्णन काटकसरी, कष्टाळू आणि धर्माचरणी राज्यकर्ता असे येते. स्नानगृहातील विलासी सजावट, मानवाकृती व अर्धनग्न स्त्रीशिल्पे या वर्णनाशी जुळत नाहीत, असा आक्षेप पुढे आला.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट हॅमिल्टन यांनी स्नानगृहाचे श्रेय हिशामचा पुतण्या अल-वलीद दुसरा याला दिले. अल-वलीद हा स्वतः कवी होता व मद्य, संगीत आणि शिकार यांचा शौकीन म्हणून प्रसिद्ध होता. दीर्घकाळ युवराज राहिल्यानंतर इ.स. ७४३ मध्ये तो खलीफा झाला आणि पुढच्याच वर्षी बंडात मारला गेला. दहाव्या शतकातील ‘किताब अल-अघानी’ या ग्रंथात त्याच्या मैफलींच्या अनेक कथा आहेत. त्या कथांतील वर्णने आणि जेरिकोतील सभागृह व जलकुंड यांच्यात हॅमिल्टन यांना साम्य आढळले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ही मांडणी सविस्तर केली.

या मांडणीवरही टीका झाली आहे. अल-वलीदविषयीच्या कथा प्रामुख्याने उमय्यदांना पदच्युत करणाऱ्या अब्बासी घराण्याच्या काळात संकलित झाल्या. पराभूत घराण्याच्या राजाची बदनामी हा त्यामागील एक हेतू असू शकतो. शिवाय एखाद्या वास्तूच्या सजावटीवरून तिच्या मालकाचा स्वभाव ठरवणे आणि स्वभावावरून मालक ठरवणे, हा तर्क वर्तुळाकार होतो. सापडलेल्या तुकड्यावरील हिशामचे नाव ती वास्तू त्याच्या कारकिर्दीत वापरात किंवा बांधकामाधीन होती एवढेच सुचवते. ती त्याच्याच मालकीची होती हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यामुळे ‘हिशामच्या काळात सुरू झालेले व अल-वलीदच्या काळापर्यंत चाललेले उमय्यद बांधकाम’ असे सावध वर्णन अनेक अभ्यासक करतात.

भूकंप आणि नंतरची वस्ती

इ.स. ७४९ च्या सुमारास जॉर्डन खोऱ्यात झालेल्या तीव्र भूकंपाने या परिसरातील अनेक शहरांचे मोठे नुकसान केले. हिशामच्या राजवाड्यातील कोसळलेल्या कमानी व खांब हे याच भूकंपाचे परिणाम मानले जातात. त्यावेळी राजवाड्याचे काही भाग अपूर्ण अवस्थेत होते. कोसळलेल्या दगडामातीच्या थराखाली फरशी झाकली गेली आणि त्यामुळेच स्नानगृहातील कुट्टिमचित्रे आश्चर्यकारकरीत्या सुस्थितीत राहिली.

भूकंपानंतर हे स्थळ कायमचे ओस पडले, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. १९८८ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डोनाल्ड व्हिटकॉम्ब यांनी येथील खापरांचा नव्याने अभ्यास केला. उत्खननकर्ते दिमित्री बारामकी यांनी खापरांच्या केलेल्या काटेकोर नोंदींचा त्यांना उपयोग झाला. अब्बासी काळातही येथे वस्ती सुरू होती, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पुढील उत्खननांनी या निष्कर्षाला दुजोरा दिला. राजघराण्याचा वाडा म्हणून त्याचे जीवन अल्पकालीन ठरले, पण शेती-वस्ती म्हणून ते स्थळ त्यानंतरही नांदते राहिले.

वास्तुरचना

प्रांगण

प्रवेशद्वारातून आत आल्यावर लांबट आकाराचे प्रांगण लागते. त्याच्या कडेने ओवऱ्या होत्या. प्रांगणाच्या मध्यभागी हौद व कारंजे असून त्यावर कमानींवर उभारलेला मंडप होता. राजवाडा, मशीद आणि स्नानगृह या तिन्ही वास्तू या प्रांगणाच्या पश्चिमेस दक्षिणेकडून उत्तरेकडे अशा क्रमाने उभ्या होत्या.

राजवाडा

मुख्य राजवाडा चौरसाकृती व दुमजली होता. त्याच्या कोपऱ्यांवर गोल बुरूज होते. हे बुरूज संरक्षणापेक्षा शोभेसाठी व प्रतिष्ठेसाठी होते असे मानले जाते. प्रवेश पूर्वेकडून होता आणि कमानदार छताच्या देवडीतून आत जावे लागे. मध्यभागी चौक असून त्याच्या चारही बाजूंना ओवऱ्या व त्यांमागे खोल्या होत्या. दक्षिणेकडील एका खोलीत मेहराब असल्याने ती खासगी मशीद असल्याचे ओळखता आले. पश्चिम बाजूस पायऱ्या उतरून तळघरात जाता येत असे. उन्हाळ्यात थंडावा मिळावा यासाठी बांधलेल्या या तळघरातही कुट्टिमचित्रांची फरशी होती.

चौकात सापडलेली दगडी जाळीची खिडकी हे या स्थळाचे सर्वांत ओळखीचे चिन्ह आहे. एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्यांतून सहा टोकांचा तारा साकारणारी ही वर्तुळाकार खिडकी तुटलेल्या अवस्थेत मिळाली. तिचे तुकडे जुळवून ती चौकातच उभी करण्यात आली. आज हा तारा जेरिको शहराचे प्रतीक म्हणून सर्वत्र वापरला जातो.

मशीद

राजवाडा व स्नानगृह यांच्या मधल्या भागात मोठी मशीद होती. तिचा किब्ला-भिंतीलगतचा भाग छताखाली होता आणि उर्वरित भाग उघडा होता. राजवाड्यातील छोट्या मशिदीच्या तुलनेत ही मशीद अधिक लोकांच्या सामुदायिक नमाजासाठी होती.

स्नानगृह आणि सभागृह

स्नानगृह हा या समूहातील सर्वांत भव्य व सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग आहे. त्याचे मुख्य सभागृह सुमारे ३० मीटर लांब-रुंद असून १६ प्रचंड दगडी खांबांवर त्याचे छत तोललेले होते. भिंतींमध्ये अर्धवर्तुळाकार कोनाडे होते. दक्षिण बाजूस सभागृहाच्या रुंदीचे जलकुंड होते. प्रवेशद्वारासमोरील पश्चिमेच्या मधल्या कोनाड्याच्या वरच्या भागातून एका दगडात कोरलेली साखळी लोंबत होती. त्या कोनाड्यात खलीफाचे आसन असावे, असा तर्क यावरून केला जातो.

प्रत्यक्ष स्नानासाठीच्या खोल्या सभागृहाच्या उत्तरेस होत्या. रोमन पद्धतीप्रमाणे त्यांतील काही खोल्यांच्या फरशीखाली पोकळी ठेवून भट्टीतील गरम हवा खेळवली जाई. सर्वांत उष्ण दालन वर्तुळाकार होते. मात्र या खोल्यांचा आकार सभागृहाच्या मानाने अगदी लहान आहे. त्यामुळे सभागृहाचा मुख्य उपयोग स्नानापेक्षा दरबार, मेजवानी व मैफली यांसाठी होत असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

उत्तरेकडील भाग

स्नानगृहाच्या उत्तरेकडील अवशेष पूर्वी प्रवाशांची सराई समजले जात. २०११ पासूनच्या उत्खननात तेथे तबेला मानली गेलेली उमय्यद काळातील इमारत, अब्बासी काळातील घर आणि द्राक्षे तुडवून रस काढण्याची जागा उजेडात आली. राजवाड्यातील शेती-व्यवस्थेचे चित्र त्यामुळे अधिक स्पष्ट झाले.

कुट्टिमचित्रे

तंत्र

रंगीत दगडांचे छोटे घनाकार तुकडे ओल्या चुन्याच्या थरात एकमेकांलगत बसवून चित्र किंवा नक्षी साकारण्याच्या कलेस कुट्टिमचित्रण म्हणतात. महाराष्ट्रातील जुन्या घरांत आढळणारी ‘मोझेक फरशी’ ही दगडाची चिप्पी सिमेंटमध्ये मिसळून साच्यात घडवलेली लादी असते. प्राचीन कुट्टिमचित्रात मात्र प्रत्येक तुकडा हाताने निवडून व घडवून जागेवर बसवलेला असतो. फरशी टिकाऊ व्हावी म्हणून आधी जमीन चोपून त्यावर दगडांचा, मग चुना व खडीचा आणि शेवटी बारीक चुन्याचा थर दिला जाई. वरचा थर ओला असेपर्यंतच तुकडे बसवता येत असल्याने काम टप्प्याटप्प्याने करावे लागे.

सभागृहाची फरशी

सभागृहाच्या फरशीवर गालिच्यांसारखी ३८ वेगवेगळ्या नक्षींची चित्रे एकमेकांस जोडून मांडलेली आहेत. या फरशीसाठी वीसहून अधिक रंगछटांचे पन्नास लाखांहून अधिक तुकडे वापरले गेल्याचे सांगितले जाते. वर्तुळे, चौकटी, वेण्या, गुंफण, तारे व फुले यांच्या भौमितिक रचना हा तिचा मुख्य विशेष आहे. मध्यभागी मोठे वर्तुळ असून त्यातील आकार केंद्राकडून परिघाकडे मोठे होत जातात. त्यामुळे सपाट फरशीवरही घुमटाचा भास होतो. खांबांमधील प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र नक्षी आहे. त्यामुळे छताची विभागणी जणू जमिनीवर उमटल्यासारखी दिसते.

या प्रचंड फरशीत सजीवांची चित्रे नाहीत. एका छोट्या चौकटीत मात्र पानासह एक फळ आणि सुरी दाखवली आहे. भौमितिक नक्षीच्या विस्तारात एकट्याच असलेल्या या चित्राचा अर्थ काय असावा, याविषयी अनेक तर्क झाले आहेत.

जीवनवृक्ष

सभागृहाच्या वायव्य कोपऱ्यातून एका छोट्या दालनात जाता येते. त्यास दिवाण असे म्हणतात. निवडक पाहुण्यांसाठी असलेल्या या खोलीत भिंतींलगत बसण्यासाठी ओटे असून टोकाला किंचित उंच अर्धवर्तुळाकार कोनाडा आहे. या कोनाड्याच्या फरशीवर ‘जीवनवृक्ष’ म्हणून प्रसिद्ध असलेले चित्र आहे. मध्यभागी फळांनी लगडलेला डेरेदार वृक्ष आहे. त्याच्या डाव्या बाजूस दोन हरणे निश्चिंतपणे पाला खात आहेत, तर उजव्या बाजूस सिंहाने तिसऱ्या हरणावर झडप घातली आहे. पानांसाठी हिरव्या रंगाच्या अनेक छटा वापरून झाडाला घनता आणली आहे. सभागृहातील फरशीपेक्षा येथील तुकडे अधिक बारीक आहेत. चित्राच्या कडेला गोंडे दाखवलेले असल्याने जमिनीवर खराखुरा गालिचा अंथरल्याचा आभास निर्माण होतो.

अर्थनिर्णय

या चित्राचे अनेक अर्थ लावले गेले आहेत. सिंह म्हणजे खलीफा, पाला खाणारी हरणे म्हणजे त्याच्या छत्राखाली सुखाने राहणारी प्रजा आणि सिंहाच्या तावडीतील हरीण म्हणजे शत्रू किंवा बंडखोर, असा राजकीय अर्थ प्रचलित आहे. कोनाड्यात बसलेल्या यजमानासमोर हे चित्र असल्याने तो पाहुण्यांना दिलेला संदेश मानला जातो. प्राणी प्राण्यावर झडप घालत असल्याचे दृश्य पश्चिम आशियात फार प्राचीन काळापासून राजसत्तेचे प्रतीक होते, याकडेही लक्ष वेधले जाते. कलेतिहासकार रिचर्ड एटिंगहाउझेन यांनी सभागृहाचा संबंध ससानियन राजांच्या सिंहासन व मेजवानीच्या परंपरेशी जोडला. डोरिस बेहरेन्स-अबूसैफ यांनी मात्र हे चित्र अरबी प्रेमकवितेच्या संदर्भात वाचले. त्या कवितेत प्रेयसीला हरिणीची उपमा देण्याचा संकेत होता आणि अल-वलीद स्वतः अशी कविता रचत असे. स्थळावर या चित्राविषयी कोणताही समकालीन लेख नसल्याने यांपैकी एकच अर्थ निर्णायक मानता येत नाही.

चुनेगच्ची व शिल्पे

स्नानगृहाच्या भिंती, घुमट व प्रवेशमंडप चुनेगच्चीच्या (स्टको) शिल्पांनी सजवलेले होते. प्रवेशद्वारावरील कोनाड्यात दोन सिंहांवर उभ्या असलेल्या, लांब इराणी धर्तीचा अंगरखा घातलेल्या पुरुषाची मूर्ती होती. ती खलीफाची मानली जाते. याशिवाय स्त्री-पुरुषांच्या आकृती, पक्षी, मेंढे, पंख असलेले घोडे आणि वेलबुट्टी यांचे असंख्य तुकडे सापडले. दिवाणाच्या घुमटात पाकळ्यांच्या आकाराच्या पानांतून डोकावणारे सहा मानवी चेहरे होते.

इस्लामी कलेत मानवाकृती नसतात, या सरसकट समजुतीला ही शिल्पे छेद देतात. उमय्यद काळात धार्मिक वास्तूंमध्ये सजीवांचे चित्रण टाळले जाई. दमास्कसची मोठी मशीद व जेरुसलेममधील घुमटाची वास्तू यांतील कुट्टिमचित्रांत झाडे, इमारती व अलंकार आहेत, पण माणसे व प्राणी नाहीत. खासगी निवासस्थानांत मात्र हा संकेत पाळला जात नसे. जेरिकोतील मशिदी आणि स्नानगृह यांच्या सजावटीतील फरक हा भेद एकाच आवारात दाखवतो.

यांतील बहुतांश महत्त्वाची शिल्पे उत्खननानंतर जेरुसलेममधील पॅलेस्टाईन पुरातत्त्व संग्रहालयात नेण्यात आली. आज ते रॉकफेलर संग्रहालय या नावाने ओळखले जाते. १९६७ च्या युद्धानंतर हे संग्रहालय इस्रायलच्या ताब्यात आले, तर राजवाड्याचे स्थळ १९९४ नंतर पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या व्यवस्थापनाखाली आहे. परिणामी फरशी एका ठिकाणी व भिंती-घुमटांवरील सजावट दुसऱ्या ठिकाणी अशी विभागणी झाली आहे. अभ्यासकाला किंवा पर्यटकाला मूळ वास्तूची कल्पना येण्यासाठी दोन्ही ठिकाणे पाहावी लागतात. वेस्ट बँकमधील अनेक पॅलेस्टिनी रहिवाशांना जेरुसलेममध्ये जाण्यासाठी परवाना लागत असल्याने त्यांच्यासाठी हे सहज शक्य होत नाही.

उत्खनन

१८७३ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षकांनी या अवशेषांची नोंद केली. पद्धतशीर उत्खनन मात्र ब्रिटिश मँडेटच्या काळात, १९३४ ते १९४८ दरम्यान झाले. पॅलेस्टाईनच्या पुरातत्त्व विभागातील अधिकारी दिमित्री बारामकी यांनी ते सुरू केले आणि प्राथमिक अहवाल विभागाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे विभागाचे संचालक रॉबर्ट हॅमिल्टन हेही या कामात सहभागी झाले.

१९४८ च्या युद्धानंतर बारामकी बैरूतला गेले. तेथे त्यांनी अमेरिकन विद्यापीठाच्या संग्रहालयाची जबाबदारी सांभाळली. राजवाड्याविषयीचा त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला नाही. हॅमिल्टन यांचा बृहद्ग्रंथ १९५९ मध्ये प्रकाशित झाला. त्यात ओलेग ग्राबार यांचेही योगदान होते. त्यानंतर दीर्घकाळ या स्थळाचे नाव प्रामुख्याने हॅमिल्टन यांच्याशी जोडले गेले. व्हिटकॉम्ब यांच्या अभ्यासानंतर बारामकी यांच्या नोंदींचे महत्त्व नव्याने अधोरेखित झाले. भव्य सभागृहापेक्षा साध्या खापरांकडे दिलेल्या त्यांच्या लक्षामुळेच स्थळाचा कालक्रम सुधारता आला. २०११ पासून पॅलेस्टिनी पुरातत्त्व विभाग आणि शिकागो विद्यापीठ यांनी हमदान ताहा व व्हिटकॉम्ब यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त उत्खनन केले.

जतन

सभागृहाची फरशी उघड्यावर ठेवल्यास ऊन, पाऊस आणि क्षार यांमुळे तुकडे सुटे होण्याचा धोका होता. त्यामुळे उत्खननानंतर ती संरक्षक थर व वाळूखाली झाकून ठेवण्यात आली. अनेक दशके पर्यटकांना जीवनवृक्ष पाहता येई, पण सभागृहाची फरशी क्वचितच एखाद्या प्रसंगी तात्पुरती उघडली जाई. फरशी झाकली तर सुरक्षित राहते पण कोणाला दिसत नाही, आणि उघडली तर दिसते पण झिजते, हा पेच जतनकार्यातील मूलभूत प्रश्न येथे तीव्रतेने उभा राहिला.

यावर उपाय म्हणून फरशीवर कायमस्वरूपी छप्पर उभारण्याचे अनेक प्रस्ताव आले. स्विस वास्तुविशारद पीटर झुमथोर यांनीही एक आराखडा तयार केला होता. परंतु तो प्रत्यक्षात आला नाही. अखेरीस जपान सरकारच्या साहाय्याने सुमारे १.२ कोटी अमेरिकन डॉलर खर्चाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. घुमटाकार छप्पर आणि फरशीच्या वरून जाणारे उंच पादमार्ग ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. पादमार्गांमुळे पर्यटकांचे पाय फरशीला लागत नाहीत आणि वरून पाहिल्याने संपूर्ण नक्षीचा आवाका लक्षात येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ही फरशी लोकांसाठी खुली झाली.

फरशीखेरीज अन्य भागांच्या जतनाचा प्रश्न कायम आहे. जेरिकोची वाढती वस्ती व सभोवतालची शेती यांमुळे राजवाड्याच्या मूळ शेतजमिनीचे, कुंपणभिंतीचे व पाटांचे अवशेष धोक्यात येतात. मुख्य इमारतींइतके लक्षवेधी नसल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक असते.

पर्यटन

हिशामचा राजवाडा हे जेरिकोतील प्रमुख पर्यटनस्थळ आहे. शालेय सहलींचे प्रमाणही येथे मोठे असते. स्थळावर छोटे संग्रहालय असून तेथे उत्खननातील वस्तू मांडलेल्या आहेत. साधारणपणे प्रांगणातील कारंज्यापासून सुरुवात करून राजवाड्याचा चौक व तारा, तळघर, मशीद आणि शेवटी छपराखालील स्नानगृह अशा क्रमाने स्थळ पाहिले जाते. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च हा काळ भेटीसाठी अधिक सोयीचा असतो.

एका दिवसाच्या भेटीत परिसरातील अन्य स्थळेही पाहता येतात. राजवाड्याच्या नैऋत्येस तेल अस-सुलतान हे जगातील अत्यंत प्राचीन वस्त्यांपैकी एक असलेले पांढरीचे टेकाड आहे. युनेस्कोने २०२३ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्याच्या पश्चिमेस प्रलोभनाचा डोंगर असून कड्यात बांधलेल्या तेथील ख्रिस्ती मठापर्यंत जाण्यासाठी रज्जुमार्गाची सोय आहे. जेरिकोतील प्राचीन ज्यू प्रार्थनास्थळातही कुट्टिमचित्रांची फरशी आढळली आहे. ती आणि राजवाड्याची फरशी एकत्रित पाहिल्यास, धर्म व सत्ता बदलल्या तरी या खोऱ्यातील कारागिरीची परंपरा कशी अखंड चालू राहिली, हे लक्षात येते.

हे सुद्धा पहा

जेरिको
उमय्यद खिलाफत
हिशाम इब्न अब्द अल-मलिक
अल-वलीद दुसरा
कुसैर अमरा
तेल अस-सुलतान
कुट्टिमचित्रण
इस्लामी वास्तुकला